चार बैठकांत उरकता येईल का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. माझी पुतणी समाजकार्य शिकते. झिम्बाब्वेत बायकांचे आरोग्य क्लब असतात आणि नुसत्या बैठकांमधून तिथल्या गावांनी शौचालयं बांधली, असं ती सांगते. तुम्ही तिकडे काम केलंय म्हणून विचारते, हे खरं आहे का? आणि आमच्या माता-बैठकीत असं काही करायचं तर तीन-चार बैठकांत उरकता येईल का? बायकांना वेळ नसतो.
– एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, खरं आहे. झिम्बाब्वेच्या पूर्वेकडच्या माकोनी जिल्ह्यात मी अशा बैठकांना बसले आहे. तीन-चारचं म्हणाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. का, ते सांगते.

तिकडे जेवणाआधी हात धुवायला एकच भांडं फिरतं. आधी पाहुणे, मग वडीलधारे, शेवटी मुलं. सगळे त्याच पाण्यात हात बुडवतात आणि त्याच हातांनी साडझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, खातात. एका बैठकीत बायकांना चित्रांचे पत्ते दिले होते. चांगलं, वाईट आणि मधलं असे तीन ढीग लावायचे. भांड्याचं चित्र आलं आणि वाद जुंपला. एका आजींनी ते ‘चांगलं’मध्ये ठेवलं; हात धुणं वाईट कसं असेल? तेवढ्यात एका तरुण आईने विचारलं, “पण शेवटी कोण धुतं?” सगळ्यात धाकटं लेकरू. म्हणजे घरभराची घाण त्याच्या हाताला. आजींनी स्वतःच पत्ता उचलून ‘वाईट’मध्ये टाकला. आरोग्य कर्मचारी तोवर एक अक्षर बोलला नव्हता. त्या आठवड्याचं घरकाम बायकांनीच ठरवलं : भांडं राहू दे, पण पाणी वरून ओतायचं.

गोष्ट छोटी वाटते, पण २००८-०९ मध्ये कॉलऱ्याने त्या देशात चार हजारांहून जास्त माणसं नेली. असं भांडं पंगतीत फिरलं की रोगही पंगतीत फिरतो.

क्लबात दर आठवड्याला एक विषय, असे साधारण वीस. प्रत्येकीकडे सदस्य कार्ड असतं, त्यावर विषय छापलेले. हजर राहिलं की सही, चुकलं की जागा कोरी. सगळ्या सह्या झाल्या की समारंभ आणि प्रमाणपत्र. शाळा अर्ध्यात सुटलेल्या बाईला त्या कागदाचं मोल किती असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बायका एकमेकींच्या घरी जातात, भांडी सुकवायची मांडणी केली का, पाण्यावर झाकण आहे का, हे पाहतात. शेजारणीच्या अंगणात मांडणी दिसली की आपल्या अंगणात ती नसल्याचं डाचतं. सहा महिन्यांत गावाची रीत बदलते ती अशी.

पश्चिमेकडच्या त्सोलोत्शो जिल्ह्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे क्लबच्या सदस्यांपैकी ४३ टक्क्यांकडे शौचालय होतं. क्लब नसलेल्या भागात जेमतेम २ टक्क्यांकडे. मला मात्र उरलेल्या ५७ टक्के जणी जास्त मोलाच्या वाटतात. शौचालय नव्हतं, तरी त्यांनी विष्ठा पुरायला सुरुवात केली. ही पद्धत त्यांना आधी ठाऊकच नव्हती. सवय आधी बदलली, बांधकाम मागून येईल.

तिथलं ब्लेअर शौचालयही बघण्यासारखं असतं. दाराऐवजी वळसा घेणारी भिंत, आत अंधार आणि खड्ड्यातून छतावर गेलेला उंच पाइप, त्याच्या तोंडाला जाळी. वाऱ्याने वास पाइपातून वर ओढला जातो. माश्या वरच्या उजेडाकडे पाइपात चढतात आणि जाळीपाशी अडकून मरतात. तिथले संशोधक पीटर मॉर्गन यांनी हे १९७० च्या दशकात विकसित केलं.

आता तुमच्या चार बैठकांकडे येते. रवांडाने हेच क्लब देशभर नेले. तिथल्या रुसिझी जिल्ह्यात १५० गावांत चाचणी झाली : पन्नास गावांत पुऱ्या वीस बैठका, पन्नासांत फक्त आठ, पन्नासांत काहीच नाही. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वीस बैठकांच्या गावांत पाणी शुद्ध करून पिणं वाढलं, शौचालयांची बांधणी सुधारली. पण पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब कुठल्याच गटात कमी झाले नाहीत. ठरल्याप्रमाणे बैठका नीट झाल्या का, यावर तज्ज्ञांचे वाद झाले. मी तो निकाल झटकून टाकणार नाही. विहिरीचंच पाणी दूषित असेल, अंगणात कोंबड्यांची विष्ठा पडलेली आणि त्यातच मूल रांगत असेल, तर आईचे स्वच्छ हात एकटे पुरे पडत नाहीत. त्यामुळे बैठकीत “यानं जुलाब थांबतील” असं वचन देऊ नका. पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागणं हाही त्याच गटाचा विषय करा.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला एक तास, आणि दिवस बायकांनाच ठरवू द्या. भाताच्या लावणीत खंड पडला तरी चालेल, विषय गाळू नका. पत्त्यांवरची चित्रं गावातल्या मुलींकडून काढून घ्या, त्यात तुमचीच घरं, तुमचेच हंडे दिसू देत. कार्डं मात्र पहिल्याच दिवशी वाटा, आणि पहिली सही तुमच्या स्वतःच्या कार्डावर घ्या.