‘सुखद धक्का’ आणि रथाचं चाक

प्रश्न असा आला आहे : सकाळचा पहिला चहा, वेळेवर आलेलं नळाचं पाणी, उन्हात वाळलेल्या चादरीचा वास, अशा रोजच्या गोष्टींनी मनाला जे वाटतं त्याला ‘आनंद’ म्हणावं की ‘सुख’? त्याबद्दल वाटणाऱ्या कृतज्ञतेसाठी शब्द कोणता? आणि ‘छोटी छोटी सुखं’ हे अनेकवचन चालतं का?

सुखच म्हणावं. आनंदाला प्रसंग लागतो, सुखाला लागत नाही. पण त्याआधी ‘सुखद धक्का’ या जोडीचा समाचार घ्यायला हवा. बातम्यांत, सत्काराच्या भाषणांत, वाढदिवसांच्या शुभेच्छांत ती सारखी कानावर आदळते. इंग्रजीवरून बेतलेली आहे एवढीच तक्रार असती तर सोडून दिली असती. पण धक्के बसू नयेत यासाठीच तर ‘सुख’ हा शब्द घडला!

‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. आकाश या अर्थाचा ‘ख’ आपल्याला ‘खग’मुळे माहीत असतो, वेदांतला ‘ख’ मात्र सुताराच्या हाताखालचा आहे. ऋग्वेदात (8.91.7) इंद्र अपाला नावाच्या स्त्रीला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या ‘ख’मधून ओढून काढतो. ज्या रथाच्या तुंब्यातलं, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यातलं, आसाचं भोक नेमकं कोरलेलं, तो ‘सु-ख’ रथ. ऋभूंनी, म्हणजे देवांच्या कारागिरांनी, अश्विनीकुमारांसाठी घडवला तो असाच, ‘सुखं रथम्’ (1.20.3). भोक सैल राहिलं तर चाक डुगडुगतं, घट्ट झालं तर ओढणाऱ्या जनावराचा जीव जातो. नेमकं बसलं तर आत बसलेल्याला चाकाची आठवणही होत नाही. वेळेवर आलेल्या नळाच्या पाण्याचं सुख हेच नाही का?

वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काचार्यांना हे मान्य नाही. ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात ते ‘सुहितं खेभ्यः’ म्हणतात. इथे ‘ख’ म्हणजे शरीरातली भोकं, अर्थात इंद्रियं; त्यांना हितकर ते सुख. यास्कांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, रथाला कसली आली इंद्रियं? दुसरा पक्ष सुखाचं मूळ ‘सुस्थ’मध्ये, म्हणजे ‘नीट स्थिरावलेलं’ या शब्दात, शोधतो; मोनियर-विल्यम्सच्या 1899च्या संस्कृत-इंग्रजी कोशात आसाच्या भोकाशेजारीच ही शक्यताही नोंदवली आहे. ती मला अजिबात पटत नाही. प्राकृताच्या वाटेने ‘स्थान’चं ‘ठाण’ झालं. मग ‘सुस्थ’मध्ये ‘ठ’ यायचा तो ‘ख’ कुठून उपटला? शिवाय अपालेच्या ऋचेत रथाचा ‘ख’ डोळ्यांसमोर असताना आडवाटेने जायचं कशाला?

‘दुःख’ ऋग्वेदात सापडत नाही. ‘सुख’ आधीचा, ‘दुःख’ त्याच्या जोडीला मागाहून बसवलेला. म्हणून माझं ठाम मत आहे की मराठीत सुखाचा खरा विरुद्धार्थी शब्द ‘कुरकुर’ आहे. माझे आजोबा गाडी जुंपायच्या आधी चाक उतरवून आसाला वंगण घालायचे. ते राहिलं की पहिल्याच चढाला चाक कुरकुरायचं, आणि मग गाडीत बसलेलेही. चाक, दार, नवी वहाण आणि माणूस या चौघांच्या तक्रारीला मराठीने एकच शब्द दिला आहे. आणि प्रवास संपला की आपण काय कळवतो? ‘सुखरूप पोचलो.’ तिथे ‘आनंदरूप’ कुणी म्हणत नाही. हा शब्दही माझ्या कानाला रथाची आठवण करून देतो.

कृतज्ञतेला वेगळा शब्द शोधायची गरज नाही. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. चाक वाजत नाहीये याचा अर्थ पहाटे उठून कुणीतरी वंगण घातलंय, हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. (‘मी आपला कृतघ्न आहे’ असं व्यासपीठावरून म्हणणाऱ्यांनी कृपा करून कोश उघडावा. ‘घ्न’ म्हणजे मारणारा!)

अनेकवचनाचं राहिलंच. घर-घरं, फूल-फुलं, तसं सुख-सुखं. खुशाल वापरा. फक्त ‘छोटी छोटी’ला माझी हरकत आहे, तिला हिंदी ‘खुशियाँ’चा वास येतो. ‘बारीकसारीक सुखं’ म्हणा. आणि मापच हवं असेल तर तुकोबांनी देऊन ठेवलंय, ‘जवापाडें’, जवाच्या दाण्याएवढं.