गोव्याच्या पावसात पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर आणि त्यावर हिरवं छप्पर (माती घालून झाडं लावलेलं) टिकेल का?

टिकेल, पण छपराचा भार पेंढ्याच्या भिंतींवर टाकू नका. तो काँक्रीटच्या खांबांवर घ्या आणि गठ्ठे फक्त मधल्या गाळ्यांत भरा. 10 सेंमी माती पाण्याने भरली की चौरस मीटरमागे साधारण 150 ते 200 किलो वजन होतं. त्याखाली गठ्ठे दबतात, गिलाव्याला भेगा पडतात, पाणी आत शिरतं. आणि ओलावा 20 टक्क्यांवर टिकून राहिला की पेंढा कुजायला लागतो. वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, त्यात झड तिरकी. म्हणून:

- चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जोतं किमान 45 सेंमी, गठ्ठ्यांखाली ओल अडवणारा थर
- मीटरभर वळचण, नैर्ऋत्येला शक्यतो पडवी
- गिलावा चुना-वाळूचा (1:3), तीन हातांत 3 सेंमी. गवंडी सिमेंटच सुचवेल, ऐकू नका. ओल आत कोंडते

पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कापणीचा, खडखडीत वाळवून घट्ट बांधलेला घ्या. आधी छप्पर, मग भिंती. स्लॅबवर माती घालण्यापूर्वी पाणी कोंडून दोन दिवस गळती तपासा, नंतर गळकी जागा सापडत नाही. मात्र जागेवर वाळवी असेल आणि जोत्याखाली तिचा बंदोबस्त होणार नसेल, तर भिंती सरळ चिऱ्याच्या बांधा.