आधी नांगर, मग फ्रीज

प्रश्न: मी 24 फुटी, जुनी, फायबरची शिडाची बोट घेतली आहे. दिवाळीनंतर पत्नीसह रत्नागिरीहून मालवणला, रात्री बोटीतच मुक्काम करत जायचं आहे. आरामासाठी छोटा फ्रीज, पंखे आणि बॅटऱ्या घ्यायच्या म्हणतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नांगरापासून. बोटीवरचा आराम म्हणजे रात्रीची निर्धास्त झोप, आणि जुन्या बोटीसोबत येणारा दोर बहुधा तोकडा असतो. समजा, विजयदुर्गच्या खाडीत ओहोटीला 3 मीटर पाणी आहे. उधाणाला ते 2 मीटर चढेल, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर उंच. झाले 6. त्याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर तरी दोर सोडायला हवा. वारा वाढला तर सातपट. नांगराकडची 8-10 मीटर साखळी, पुढे नायलॉनचा दोर, कारण तो ताणतो आणि हिसके पचवतो. नाळेवर दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून चढवा, सुतळीने घट्ट बांधा. दोर तुटतो तो तिथेच.

मग डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, खालच्या फिटिंगपाशी अगदी सावकाश. कापूस अडकला म्हणजे तारेचा एखादा धागा तुटलाय. ती तार बदला. तारा किती जुन्या ते कुणालाच ठाऊक नसेल, तर सगळ्याच बदला. इथे काटकसर करू नका, कळकळीने सांगतो.

उन्हाला बूमवरून, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावरून, टाकायचं जाड पांढरं कापड आणि हॅचला, म्हणजे डेकवरच्या झडपेला, मच्छरदाणी. खाडीतले डास वहिनींना पहिल्याच रात्री नकोसं करतील.

विजेचं म्हणाल, तर 50 वॉटचं सोलर पॅनल आणि 100 अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरे. एलईडी दिवे, दोन छोटे पंखे, फोन, सगळं त्यावर चालतं. फ्रीज एकटाच याच्या दुप्पट वीज खाईल. त्यापेक्षा थर्मोकोलची पेटी ठेवा. बर्फ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात, देवगडला मिळतो. नांगरावरचा पांढरा दिवा मात्र रात्रभर जळू द्या. मच्छीमार बोटी पहाटे अंधारातच खाडीतून बाहेर पडतात.

जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असेल, परतताना तोच तोंडावर येईल. तेव्हा मालवणहून पहाटेच, मतलई वाऱ्यावर निघा आणि दुपारच्या आत पुढची खाडी गाठा.