वाचकांचे प्रश्न : टेबलावरचे जुने गेम, त्यांचे नवे अवतार आणि लोकवर्गणी

प्रश्न : आम्ही काही मित्र सुटीच्या दिवशी गंगापूर रोडवरील एकाच्या घरी जमून फाशांचे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचे कथेचे गेम, खेळतो. अशाच एका जुन्या, नावाजलेल्या गेमवर व्हिडिओ गेम काढण्यासाठी एक परदेशी स्टुडिओ किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे गोळा करत आहे. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक करताना आगाऊ रक्कम भरली होती, तसाच हा व्यवहार समजावा का? आणि गेम नावाजलेला असल्यामुळे जोखीम कमी होते का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तसा मुळीच समजू नये. फ्लॅटच्या बाबतीत रेरा कायद्यानुसार बिल्डरला ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ताबा रखडला तर दाद मागायला महारेरा आहे. किकस्टार्टरवर आपल्याला संरक्षण मिळते ते एवढेच, की जाहीर केलेले उद्दिष्ट मुदतीत गाठले गेले नाही तर कार्डावरून एक रुपयाही जात नाही. उद्दिष्ट गाठले आणि पैसे स्टुडिओकडे वळते झाले, की पुढे गेम पूर्ण होईलच अशी हमी ते संकेतस्थळ देत नाही. आपण वर्गणीदार असता, ग्राहक नसता.

नावाविषयी म्हणाल, तर एकाच नावावर झालेल्या दोन मोहिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. पाथफाइंडर हा अमेरिकेतील पायझो या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये आणलेला टेबलटॉप गेम. त्यावर असंख्य खेळाडूंनी एकाच वेळी वावरावे असे अखंड चालणारे जग उभारण्यासाठी गॉब्लिनवर्क्स या स्टुडिओने मोहीम चालवली आणि २०१३ च्या आरंभी ती संपली तेव्हा सुमारे १० लाख ९१ हजार डॉलर जमले होते. हा ‘पाथफाइंडर ऑनलाइन’ लोकांना खेळायला मिळाला तो अर्धवट अवस्थेतच. २०१५ मध्ये स्टुडिओतील बहुतेकांना कामावरून कमी करावे लागले आणि २०२१ मध्ये सर्व्हर कायमचे बंद झाले. आउलकॅट गेम्सने २०१७ मध्ये ‘पाथफाइंडर: किंगमेकर’साठी सुमारे ९ लाख ९ हजार डॉलर, म्हणजे त्याहून कमीच, गोळा केले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये गेम लोकांच्या हाती दिला. त्यांनी एकट्याने खेळायचा, आरंभ-शेवट असलेला गेम कबूल केला होता आणि त्याची कथा पायझोने २०१० मध्ये सहा भागांत छापलेली तयार होती. माझ्या मते पैसे देणाऱ्याने नावापेक्षा अशा वचनाचा आवाका पाहावा.

दुसरी गोष्ट हक्कांची. शॅडोरन हा फासा (FASA) कॉर्पोरेशन या कंपनीचा १९८९ मधील टेबलटॉप गेम; २०५० सालच्या सिएटलमध्ये जादू परत आलेली, मोठमोठ्या कंपन्यांच्या पडद्याआड ड्रॅगन बसलेले आणि त्यांची छुपी कामे करणारे भाडोत्री लोक, असे त्याचे विलक्षण जग. जॉर्डन वाइझमन हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक. तरीही व्हिडिओ गेमचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे गेलेले असल्याने आपणच घडवलेल्या जगावर गेम काढण्यासाठी त्यांना परवाना घ्यावा लागला. तो हातात घेऊनच त्यांच्या हेअरब्रेन्ड स्कीम्स या स्टुडिओने २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले आणि ३६ हजारांहून अधिक लोकांनी १८ लाख ३६ हजार डॉलर दिले. जादा पैसा आला तसे वचनही वाढले: कथा आणखी एका शहरात न्यायची ठरले आणि वर्गणीदारांनी मत देऊन बर्लिन निवडले. मूळ गेम जुलै २०१३ मध्ये आला, बर्लिनची कथा मात्र ‘ड्रॅगनफॉल’ या नावाने फेब्रुवारी २०१४ मध्ये. पहिल्या गेममध्ये हवे तेथे सेव्ह करण्याची साधी सोयही नव्हती, ती याच वेळी मिळाली. या साऱ्या पुनरुज्जीवनांत ‘ड्रॅगनफॉल’ मला सर्वांत सरस वाटतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून काम वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण वाढीव आश्वासनांची यादी लांबत चालली की तारखेवर विसंबू नये. ‘टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’ या गेमने किकस्टार्टरवर २०१३ मध्ये ४१ लाख डॉलरहून अधिक जमवले, डिसेंबर २०१४ ची तारीख दिली आणि तो आला फेब्रुवारी २०१७ मध्ये, तोही कबूल केलेली इटालियन आवृत्ती रद्द करून.

तेव्हा मोहिमेच्या पानावर हक्क कोणाकडे आहेत हे स्पष्ट लिहिले आहे का, खेळून पाहता येईल असा काही भाग तयार आहे का आणि स्टुडिओने यापूर्वी एखादा गेम पुरा केला आहे का, हे तपासून मगच रक्कम ठरवावी. स्वस्तात मिळेल म्हणून देऊ नये. प्रसिद्ध झाल्यावर असे गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत आणि पुढे सवलतीतही मिळतात, तर वर्गणी डॉलरमध्ये जाते आणि तिच्यावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क चढते. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का, हेही आधी बँकेच्या अॅपमध्ये पाहावे.

प्रश्न : मी ‘किंगमेकर’ विकत घेतला. नियम तेच, फासे तेच. तरी सुरुवातीच्याच एका गुहेत कोळ्यांच्या थव्याने माझी संपूर्ण टोळी मारली. टेबलावर असे कधी झाले नव्हते. चूक माझी की गेमची?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : त्या गुहेत आपल्यासारखे असंख्य जण अडकले. पाथफाइंडरच्या नियमांत अतिलहान जिवांच्या थव्याला तलवार किंवा बाण लागतच नाही. त्यासाठी आग किंवा आम्ल लागते. छापील पुस्तकातही नियम हाच आहे. टेबलावर मात्र गेम मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि नियम चालवणारा, समोरच्यांचे चेहरे पाहत असतो. नवखे लोक तिसऱ्यांदा तलवार चालवतात आणि काहीच होत नाही, असे दिसताच तो सांगतो, की भिंतीवरच्या मशालीजवळ कोळी जात नाहीत. तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो. संगणक नियम चोख पाळतो आणि ही नजर त्याच्याकडे नसते. म्हणून माझ्या लेखी चांगले रूपांतर तेच, ज्याच्या लेखकांनी गेम मास्टरच्या सूचना आधीच संवादांत आणि जागेच्या वर्णनात पेरून ठेवल्या आहेत.

‘किंगमेकर’मधील लढाई मुळात सलग चालणारी आणि मध्येच थांबवता येणारी होती. टेबलावर प्रत्येकाची पाळी येते, तशी पाळीपाळीची लढाई आधी एका चाहत्याने मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोडणी, काढून शक्य केली. ती इतकी आवडली, की २०२० मध्ये स्टुडिओने अधिकृतपणे ती सोय दिली. आपण तीच निवडावी. विचार करायला उसंत मिळते आणि आपला फासा कशामुळे फसला हेही दिसते. शिवाय अडचण-पातळी कमी करण्यात कमीपणा मानू नये, कारण घरचा गेम मास्टर न सांगता तेच करत असतो.

प्रश्न : नाशिकमध्ये बसून आम्ही अशी मोहीम काढू शकतो का?
— तीन मित्र, सिडको, नाशिक

उत्तर : किकस्टार्टर ज्या देशांतील निर्मात्यांना मोहीम काढू देते त्यांत भारत नाही. मात्र गेमच्या नियमांची अडचण आता उरलेली नाही: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध टेबलटॉप गेमच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन तो वापरता येतो. ते ट्रेडमार्क असलेले नाव आणि त्यातील प्रसिद्ध जगे तेवढी वापरता येत नाहीत. ‘सोलास्टा’ या फ्रेंच स्टुडिओच्या गेमनेही हाच नियमसंच घेऊन आपले जग स्वतः रचले होते. आपण आधी तासाभराचा एक प्रसंग पूर्ण करावा आणि तो डेमो म्हणून स्टीमवर ठेवावा. तेथे गेमच्या नोंदणीसाठी १०० डॉलर शुल्क पडते.