गाडी-शंका : समोरचा सारखा डिपर का मारतो?

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकचे एच-४ हॅलोजन काढून बाजारातले एलईडी बल्ब टाकले. उजेड भरपूर आहे, पण घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात समोरचे सारखे डिपर मारतात. फोकस खाली करून घेतला, तरी तेच.
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोष फोकसमध्ये नाही, बल्बमध्ये आहे. काढलेला हॅलोजन जवळून पाहा. लो बीमच्या, म्हणजे जवळच्या झोताच्या, तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी दिसेल. तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर पडू न देणं हेच तिचं काम. तिथे पडला की तो वर उसळतो. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब त्या तारेच्या जागेवर बेतलेला. एलईडीची चिप एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसली किंवा बल्ब कॉलरमध्ये, म्हणजे तो अडकवायच्या कड्यात, जरा फिरला, की झोत विस्कटतो. आणि ‘भरपूर उजेड’ही फसवा असतो : बंपरपुढचे पाच-दहा मीटर लख्ख होतात, त्याने बाहुल्या आकसतात आणि लांबचा खड्डा उलट उशिरा दिसतो.

खात्री सोसायटीच्या पार्किंगमध्येच करा. टायरची हवा बरोबर हवी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला हवा, जमीन सपाट हवी. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा, दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर आडवी टेप लावा. मग सरळ ५ मीटर मागे घ्या आणि लो बीम लावा. उजेडाची वरची कड टेपच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली, उजवीकडे आडवी आणि डावीकडे थोडी वर चढलेली दिसली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती चढण डाव्या बाजूला. कड असूनही वर असेल, तर हेडलाइटमागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. कडच नसेल, नुसता धुरकट गोळा असेल, तर स्क्रूला हात लावण्यात अर्थ नाही.

मूळ ६०/५५ वॉटचे हॅलोजन परत टाका, दोन्ही बाजूंचे एकदमच, काचेला बोट न लावता. १००/९० वॉट कुणी गळ्यात मारू पाहील. त्याने होल्डर वितळतो.

प्रश्न : एसयूव्हीच्या डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची चकती आहे. कधी वापरायची?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : ती हेडलाइटचा झोत वर-खाली करायची चकती. वापरायची मागे वजन पडेल तेव्हा. पुढे दोघंच असाल तर ०. मागची सीटं आणि डिकी भरली की गाडी मागून दबते, नाक उचललं जातं. तेव्हा आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो. कुठल्या वजनाला कुठला आकडा, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. नाक एकच अंश वर गेलं, तर १० मीटरवर झोत साडेसतरा सेंटीमीटर वर सरकतो. तिथे तो १० सेंटीमीटर खाली असायला हवा होता. म्हणजे आता दिव्याच्याही वर गेला. सायन-पनवेल महामार्गावर पुढच्या छोट्या गाडीचे आरसे नेमके याने पेटतात. सुट्टीला सामान भरून निघणारे बहुतेक जण चकती ०वरच ठेवतात.

प्रश्न : रात्री स्कूटर चालवताना पिवळा चष्मा लावावा का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नको. त्याने आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. हेल्मेटची ओरखडे पडलेली व्हायझर बदला. प्रत्येक ओरखडा समोरचा दिवा फाकवतो. आणि झोत अंगावर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर न्या.