पावसाने ओढ दिल्यावर मुळाशी असलेले जिवाणू काय करतात?

प्रश्न असा आला आहे: सोयाबीन पेरून महिना झाला आणि गेले १५ दिवस पाऊस नाही. शेताच्या एका तुकड्यात बियाण्याला जिवाणू संवर्धक, म्हणजे मुळांना उपयोगी जिवाणूंची भुकटी, लावलं होतं. तिथलं पीक दुपारी मान टाकतं, पण सकाळी पुन्हा ताठ असतं. बाकीच्या तुकड्यात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी. मग जिवाणूंनी पाणी आणलं कुठून? गेल्या वर्षी हेच संवर्धक वापरलं तेव्हा फरक का दिसला नाही? आणि आता उभ्या पिकाला ते देता येईल का?

जिवाणू पाणी आणत नाहीत, हे आधी स्पष्ट करतो. जमिनीत ओल नसेल तर कुठलंही संवर्धक पीक वाचवू शकणार नाही. पण असलेली ओल पीक किती दिवस पुरवून वापरतं, यात मात्र त्यांचा हात असतो.

ताण बसला की पिकाच्या मुळात एसीसी नावाचं द्रव्य वाढतं आणि त्यापासून इथिलीन वायू तयार होतो. फळं पिकवणारा तो हाच वायू. थोडा असला तर पिकाच्या कामाचा असतो. ताण लांबला की तो वाढतो, मुळांची वाढ रोखतो, पानं पिवळी पाडतो, फुलगळ करतो. म्हणजे खालच्या थरात ओल शिल्लक असतानाच पीक पसारा आवरायला घेतं. मुळावर राहणाऱ्या काही जिवाणूंकडे एसीसी फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. मुळातून बाहेर झिरपलेलं एसीसी ते फोडतात आणि त्यातला नत्र स्वतःसाठी वापरतात. बाहेरचं कमी झालं की आतलं आणखी झिरपतं, त्यामुळे इथिलीन कमी बनतो. मूळ वाढत राहतं आणि खालच्या ओलीपर्यंत पोहोचतं. स्यूडोमोनास आणि बॅसिलसच्या काही वाणांत ही ताकद आहे, सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर नत्राच्या गाठी करणाऱ्या काही रायझोबियम जिवाणूंमध्येही आहे. सगळ्यांत नाही. खारवट जमिनीतही क्षारांच्या ताणाने इथिलीन वाढतो, म्हणून तिथेही असे जिवाणू उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. दोन्ही तुकड्यांतलं एकेक झाड कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, बारीक मुळं तुटतात. ढेकूळ हलकेच झटका. जिथे जिवाणूंचं काम चांगलं चाललं आहे, तिथे बारीक मुळांना माती पायमोजा चढवल्यासारखी चिकटून राहते. जिवाणू चिकट द्रव सोडतात, मुळावरच्या केसांसारख्या तंतूंची त्याला साथ मिळते आणि मातीचे कण मुळाला धरून राहतात. या थरात ओल जास्त टिकते आणि मूळ व माती यांच्यात पोकळी पडत नाही. शिवाय अनेक जिवाणू ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक बनवतात, त्याने तंतुमय मुळं वाढतात. मुळालगतच्या या मातीला ऱ्हायझोस्फिअर हे नाव १९०४ साली लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. हे काम फुकट होत नाही. पानांनी बनवलेल्या साखरेतला काही भाग पीक मुळांवाटे सोडतं, त्यावरच हे जिवाणू जगतात.

आता मुळं पाण्यात धुऊन गाठी बघा. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती हवेतला नत्र पिकाला देते आहे. पांढरी गाठ अजून कामाला लागलेली नसते किंवा निकामी असते, हिरवट-तपकिरी गाठीचं काम संपलेलं असतं. गाठी सोटमुळाच्या वरच्या भागात दाटीने असतील, तर बहुधा बीजप्रक्रिया लागू पडली. फक्त दूरच्या फांदीमुळांवर विखुरलेल्या असतील, तर त्या जमिनीतल्या मूळच्या जिवाणूंच्या असण्याची शक्यता जास्त. ताणात गाठींचं काम लवकर मंदावतं, त्यामुळे लाली फिकी दिसली तर घाबरू नका.

पण एका तुकड्यावरून सगळं श्रेय मी जिवाणूंना देणार नाही. त्या तुकड्यात माती खोल असेल, शेणखत जास्त पडलं असेल, तरी असाच फरक दिसतो. पुढच्या हंगामात मधल्या चार ओळी मुद्दाम बिनप्रक्रियेच्या ठेवा.

गेल्या वर्षीचं आठवून बघा. संवर्धक सोयाबीनचंच होतं का? हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनवर गाठी करत नाही. पाकिटाची मुदत संपली होती का, ते उन्हात पडून होतं का? बुरशीनाशक आणि संवर्धक एकत्र कालवलं होतं का? आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडला की जिवाणू बियाण्यावरच मरतात. भुकटीचं प्रमाण साधारणपणे १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम असतं, तरी पाकिटावरची सूचना आधी वाचा. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. आणि युरिया? नत्र आयता मिळाला की पीक गाठींवर साखर खर्च करत नाही. पेरणीच्या वेळच्या शिफारशीपलीकडे सोयाबीनला युरिया टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उभ्या पिकाला आत्ता, कोरड्या मातीत, संवर्धक देऊ नका. ते वाया जाईल. सध्या हलकी कोळपणी करून भेगा बुजवा आणि ओळींमध्ये पालापाचोळ्याचं आच्छादन करा. पाऊस पडून वाफसा आला की चांगल्या कुजलेल्या शेणखतात संवर्धक मिसळा आणि संध्याकाळी ओळींलगत मातीआड करा. नवीन गाठींची फार आशा या वेळी धरू नका. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचा थोडा उपयोग होईल.

मुळं धुऊन पाहिल्यावर दोन्ही तुकड्यांतल्या गाठी मोजा, आतला रंग लिहून ठेवा आणि मला कळवा. त्यावरून पुढच्या हंगामाचं नक्की सांगता येईल.