पाण्याचा दिवस

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर लगेच सुचले आणि दुसऱ्याचे काही केल्या सुचेना. पुण्यात राहून तू बांबूचा टूथब्रश वापरू लागलीस, बाटलीबंद पाणी सोडलेस, कपड्यांची खरेदी निम्म्यावर आणलीस, हे वाचून बरे वाटले. पण शिक्षण संपवून सोलापूरला परतल्यावर स्कूटर घ्यावी लागेल म्हणून तुला आतापासूनच अपराधी वाटते आहे, हे वाचून मात्र हसू आले. रागावू नकोस. स्कूटर घे. हे झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर. हरित राजकारण करायचे असेल तर कोणत्या पक्षात जावे हा दुसरा प्रश्न, आणि त्याच्यासाठी हे लांबलेले पत्र.

तू याच शहरात वाढलीस, म्हणून आपल्या घरातले एक नेहमीचे दृश्य आठवून पाहा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते. त्या पहाटे घरातली बाई उठते, पिंप, घागरी, बादल्या रिकाम्या करते आणि मागच्या पाळीचे उरलेले, वास्तविक अगदी चांगले असलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून देते. जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात आपण दर पाळीला घरोघर पाणी ओतून देतो, ते उधळेपणाने नव्हे; रोज थोडे पाणी मिळेल असा भरवसा नसल्यामुळे मावेल तेवढे साठवावे लागते आणि साठवलेले पुढच्या पाळीला जुने होते. मग ज्याला परवडते तो अंगणात हौद बांधतो, गच्चीवर टाकी बसवतो, त्या टाकीत पाणी चढवायला वीज जाळतो. ज्याला धीर नसतो तो थेट नळालाच मोटार जोडतो आणि ओळीच्या शेवटच्या घरात नुसती हवा येते. चार दिवस कोरड्या पडलेल्या नळवाहिनीत फटींतून बाहेरची घाण शिरते, म्हणून पहिले पाणी गढूळ येते, म्हणून घरात आरओ यंत्र बसते, आणि ते यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नाल्यात सोडते. ज्यांच्याकडे यंत्र नाही ते पाण्याचा जार विकत घेतात. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या घरापुरता शहाणपणाचाच आहे. मला एकाही बाईला दोष देता येत नाही. पण एक सार्वजनिक सेवा धड चालली असती, तर हे पाच-सहा निर्णय कुणाला घ्यावेच लागले नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्यांना आपण पर्यावरणपूरक सवयी म्हणतो, त्या बहुतांशी सार्वजनिक सेवांच्या सावलीत वाढतात. सावली नसेल तिथे त्या फक्त सवड आणि पैसा असलेल्या माणसांच्या छंदात जमा होतात. ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा ठसा, हा शब्द तू पत्रात चार वेळा वापरला आहेस. प्रत्येक माणसाने आपापला ठसा मोजावा ही कल्पना घरोघर पोहोचवण्यात मोठा वाटा ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा होता. २००४ साली तिने लोकांना स्वतःचा हिशेब करता यावा म्हणून गणकयंत्रही उपलब्ध करून दिले. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला वही हाती द्यावी आणि आपण ती निमूटपणे भरत बसावे, यातली गंमत ध्यानात घे. वही भरू नकोस असे मी म्हणत नाही. फक्त तेवढ्यावर थांबू नकोस.

आता हे पाणी येते कुठून, तेही पाहा. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापराच्या हिशेबात न धरलेले तळाचे पाणी. वापराचा साठा संपून त्या तळाच्या पाण्याला हात लागला की ‘उजनी वजा’ अशा बातम्या उन्हाळ्यात येतात, आणि २०२४ च्या जूनमध्ये तर ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. तू ज्या शहरात शिकते आहेस त्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. तेव्हा तू तिथे बाटलीबंद पाणी सोडलेस, तरी तुझ्या वसतिगृहाच्या मोरीचा आमच्या पिंपाशी संबंध आहेच. शहरासाठी नदीतून सोडलेले पाणी टाकळीच्या उपसा केंद्रापर्यंत येईतो वाटेत किती मुरते, किती उडून जाते आणि किती उपसले जाते, हा इथला जुना वाद. धरणातून थेट येणाऱ्या जलवाहिनीला समांतर दुसरी टाकण्याचा आग्रह त्यातूनच धरला गेला. आणि या सगळ्याच्या मागे ऊस उभा आहे. राज्यात साखर कारखान्यांची सर्वांत अधिक गर्दी असलेल्या जिल्ह्यांत आपला दुष्काळी जिल्हा आहे, ही गोष्ट मी भूगोलाच्या तासाला सांगत असे तेव्हा मुले वहीत उतरवून घेत आणि घरी गेल्यावर वडील उसाला पाणी देत. त्या वडिलांनी ऊस का लावला, तर हमीभाव आणि गिऱ्हाईक दोन्ही ठरलेले असलेले दुसरे पीक त्यांच्यापुढे नव्हते म्हणून. आंघोळीचे पाणी दोन तांब्यांनी कमी करण्याचा सल्ला द्यायला कुणीही पुढे येतो. पिकांचा प्रश्न व्यासपीठावर काढणारा पुढारी मला अजून भेटायचा आहे.

पक्षाविषयी विचारलेस म्हणून सांगते. जर्मनीतला हरित पक्ष जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरुहे येथे स्थापन झाला आणि १९८३ साली ५.६ टक्के मतांवर तिथल्या संसदेत पोहोचला, कारण तिथे पाच टक्क्यांची पायरी ओलांडली की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे तेवढ्या मतांत अनामत रक्कमही वाचत नाही. म्हणून नावात ‘हरित’ असलेला पक्ष शोधत बसण्यापेक्षा, ज्या पक्षाला निवडून यायचे आहे त्याला पाणी, कचरा आणि बस यांवर बोलायला भाग पाडणे, हा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. तू पुढेमागे एखाद्या पक्षात गेलीस तर माझी हरकत नाही. मात्र त्याआधी एक सार्वजनिक सेवा निवड आणि निदान पाच वर्षे तिचा पिच्छा पुरव.

पिच्छा पुरवणे म्हणजे मोर्चा काढणे नव्हे, निदान सुरुवातीला तरी नव्हे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो मिळव, मागच्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेव आणि कोणते परिच्छेद शब्दशः तसेच आहेत ते बघ. आकडे बदलतात की नुसते वर्ष बदलते, एवढे पाहिलेस तरी पुष्कळ कळते. अहवाल मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतलेल्या शहरांपैकी एक आहे, हे आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही. धूळ मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कार्यक्रमाचा पैसा कशावर खर्च झाला, हाही अर्जाचाच विषय. २०२२ च्या मार्चनंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, आणि तक्रार घेऊन कुणाच्या दारी जावे हे लोकांना उमगत नसे. त्या काळात लोकांनी विचारण्याची सवय गमावली, ती पुन्हा लावावी लागेल. कागदांइतकीच माणसेही ओळखीची असू देत. तुझ्या भागात पाणी सोडणारा चावीवाला कोण, त्याच्याकडे किती चाव्या आहेत, कोणती चावी गंजली आहे, हे त्याच्याइतके कुठल्याही अभियंत्याला माहीत नसते. त्याच्याशी आधी ओळख कर, तक्रार नंतर.

बसविषयी थोडक्यात. लक्झेंबर्गने मार्च २०२० पासून साऱ्या देशातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली, आणि आपल्या राज्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. दुसऱ्या निर्णयामागे हवामानाचा विचार कुणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही, तरी पण गावाहून सोलापूरला शिकायला येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो तुझ्या बांबूच्या टूथब्रशाहून मोठा पर्यावरणीय निर्णय आहे. शहरातली बससेवा मात्र आक्रसत गेली, म्हणून तू स्कूटर घेणार. घे, आणि बस मागत राहा; या दोहोंत विसंगती नाही.

एक सूचना माझ्या फजितीतून देते. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने कापडी पिशव्या घेऊन बाजारात जाई. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात लोकांनी भाजीसाठी प्लॅस्टिक मागावे याचा मला संताप होता. एकदा भाजीवाल्यासमोर एका विडी कामगार बाईला मी चारचौघांत बोलले. तिने शांतपणे पिशवी उलगडून दाखवली. धुऊन धुऊन तिच्यावरची अक्षरे पुसून गेली होती. ती विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, अर्धी वाट चालत आली होती आणि मी कोपऱ्यावर रिक्षा थांबवून ठेवली होती. त्यानंतर मी पिशव्यांवर बोलणे सोडले, ओला-सुका कचरा वेगळा दिल्यावर गाडीत तो वेगळा राहतो की एकत्र होतो यावर बोलू लागले.

हे काम कंटाळवाणे आहे, हे तुला आधीच सांगते. कुणी टाळ्या वाजवणार नाही, आणि तुझे मित्र समुद्राविषयी आणि वाघांविषयी बोलत असताना तू नळाच्या वेळा लिहीत बसलेली असशील. पण आपल्या शहराच्या मध्यभागी जे तळे आहे ते बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खणले असे आपण मानतो, आणि दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत त्याच्या काठाने फिरतो. माती वाहणाऱ्यांना तेव्हा तरी कंटाळा आला नसेल असे कशावरून?

सुटीत येशील तेव्हा पाण्याच्या आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये. एक वही आण. आपल्या ओळीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरी नळ केव्हा सुरू होतो, केव्हा बंद होतो आणि एक घागर भरायला किती वेळ लागतो, याची नोंद मी दोन महिने ठेवते आहे. गुडघ्यांमुळे शेवटच्या घरापर्यंत जाणे आता होत नाही, तो भाग तुझ्याकडे. लवकर झोपावे लागेल. मागच्या पाळीला पाणी पहाटे साडेतीनला आले होते.

तुझी,
भूगोलाच्या बाई